पाऊस धुतो, पण कधी?

‘सौर पॅनेलला हलणारा भाग नाही, इंधन नाही, एकदा गच्चीवर चढवले की पंचवीस वर्षे बघायला नको. धूळ बसलीच तर पाऊस धुऊन काढतो.’ सौरऊर्जेच्या कैवाऱ्यांचा हा लाडका युक्तिवाद. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो तपासायला हवा.

जुलैतला कोकणी पाऊस काच लख्ख करतो, हे मान्य. पण महाराष्ट्राचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो आणि ढगांमुळे वीजनिर्मितीही नेमकी तेव्हाच मंदावते. फेब्रुवारी ते मे ही सौर पॅनेलची खरी सुगी. त्या काळात धुलाई जवळजवळ नसतेच. रस्त्याची धूळ असतेच, ऊसपट्ट्यात पेटवलेल्या पाचटाची काजळीही उडते. अवकाळीची हलकी सर धुळीचा चिखल करून जाते आणि उतार कमी असेल तर तो खालच्या चौकटीशी पट्टी धरून वाळतो.

ही पट्टी क्षुल्लक नाही. पॅनेलमधले सेल एकसरीत जोडलेले असतात. त्यामुळे कबुतराच्या विष्ठेने एखादाच सेल झाकला गेला, तरी त्याच्या अख्ख्या गटाची वीज अडू शकते. शिवाय झाकलेला सेल तापतो आणि कायमचा निकामी होऊ शकतो.

यावर उत्तर येते, ‘एवढी घट असती तर बिलात दिसली असती.’ नेट मीटरचे बिल महावितरणकडून घेतलेल्या आणि त्यांना दिलेल्या युनिटांची वजाबाकी दाखवते. घरचा वापर कमी झाला की घटलेले उत्पादनही त्यात झाकून जाते. खरा हिशेब इन्व्हर्टरच्या नोंदीत असतो. तिथे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. मे महिन्यात उष्णतेने होणारी घट वेगळी. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजतात. सेल 60 अंशांपर्यंत तापला की दहा टक्क्यांहून अधिक वीज कमी होते. या घटीवर आपला इलाज नाही, पण तिच्या नावावर धुळीची घट खपवू नये.

‘मग सौरऊर्जा कटकटीचीच,’ हा दुसऱ्या टोकाचा निष्कर्षही टिकत नाही. कोरड्या महिन्यांत दोन-तीन आठवड्यांनी, सकाळी काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि लांब दांडीच्या मऊ पुसणीने काम भागते. बोअरचे पाणी टाळावे, त्याचे क्षार काचेवर बसतात. वायरींचे जोड आणि अर्थिंग मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यावे. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत दाब असतोच. पीएम सूर्यघर योजनेत पहिली पाच वर्षे देखभालीची जबाबदारी विक्रेत्याची असते, ती हक्काने मागावी. इन्व्हर्टर पंचवीस वर्षांत एकदा तरी बदलावा लागेल, हे धरून चालावे.

घरगुती अनुदान किलोवॉटवर ठरते. तीन किलोवॉटला 78,000 रुपये. चंद्रपूरच्या भट्टीतला कोळसा मात्र युनिटांच्या हिशेबाने जळतो. देशाच्या ग्रिडमधल्या प्रत्येक युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मळलेले तीन किलोवॉट सरकारी तक्त्यात तीनच राहतात, पण कोळसा तेवढा वाचवत नाहीत. म्हणून ‘बघायला नको’ असे सांगणारा समर्थक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. सौरऊर्जेला देखभाल लागते, आणि ती इतकी थोडी लागते, हेच तिच्या बाजूचे बळकट प्रमाण आहे.