रेघेपासून स्वरलेखनापर्यंत : मिडीची पूर्वपीठिका

१/ वादकाने वाजवावे आणि यंत्राने ते लिहून ठेवावे, हे स्वप्न संगणकाहून फार जुने आहे. १७४७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात क्रीड नामक धर्मोपदेशकाने योजलेल्या अशा यंत्राची कल्पना प्रसिद्ध झाली.

२/ १७५२ च्या सुमारास बर्लिनमध्ये होलफेल्ड याने तसे यंत्र घडवले. पट्टी दाबली की सरकत्या कागदावर रेघ उमटे. सूर जितका लांब, तितकी रेघ लांब. त्या रेघांचे स्वरलेखन मात्र माणसालाच करावे लागे.

३/ १९८३ मध्ये मिडी अवतरले. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडणारी ही सामायिक भाषा. तिच्यात ध्वनी नसतो. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, अशा गोष्टींची नोंद असते.

४/ पेच येथेच आहे. पेटीवाले जिला ‘काळी एक’ म्हणतात, तिला पाश्चात्त्य स्वरलेखनात दोन नावे आहेत : सी शार्प आणि डी फ्लॅट. कागदावर दोहोंची जागा व अर्थ वेगळा. मिडीत मात्र, मधल्या सप्तकात, क्रमांक एकच : ६१.

५/ कालाचेही तसेच. वादक भावनेने किंचित रेंगाळला, तर संगणक ते रेंगाळणेही बारीक विरामांत मांडतो आणि पान वाचवत नाही. म्हणून प्रत्येक सूर जवळच्या कालविभागावर बसवावा लागतो. विभाग फार मोठा धरला, तर जलद स्वर हरवतात. फार लहान धरला, तर गुंता तसाच राहतो.

६/ कोणता विलंब सहेतुक आणि कोणता अनवधानाचा, हे नोंदीत लिहिलेले नसते. त्यामुळे आजही ते पान शेवटी जाणकाराच्या नजरेखालून जावे लागते. होलफेल्डच्या रेघा वाचणाऱ्याचे काम अद्याप संपलेले नाही.