पडद्याशेजारचा आवाज

मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जाणाऱ्या लोहमार्गावर शहराच्या अलीकडे सुमारें ४० किलोमीटरांवर लासूर हें स्थानक लागतें. मूळ लासूर गांव शिवना नदीच्या कांठीं असून तेथील दाक्षायणी देवीचें देऊळ पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे निघाली, तिचें स्थानक गांवापासून कांहीं अंतरावर पडलें, आणि त्या स्थानकाभोंवतीं जी वस्ती व बाजारपेठ उभी राहिली तिला लोक लासूर स्टेशन असेंच म्हणूं लागले. गांवाला नांव देवावरून किंवा डोंगरावरून मिळावें हें नित्याचें. येथें तें आगगाडीवरून मिळालें. देवीची जत्रा आणि आगगाडी या दोहोंची जेथें गांठ पडते, तेथें लोकांच्या करमणुकीचें काय होतें, हें पाहण्यास अशा गांवाइतकें सोईचें ठिकाण दुसरें नाहीं.

आगगाडी येण्यापूर्वींच्या मराठवाड्यांतील जत्रा डोळ्यांपुढें आणाव्या. लांकडी रहाटपाळणा, डोंबाऱ्याची दोरी, कळसूत्री बाहुल्या, तमाशाचा फड, आणि पुढें पुढें छिद्राला डोळा लावून पाहावयाची चित्रांची पेटी, एवढी त्यांची करमणूक. या सर्वांत एक गोष्ट समान होती. पाळणा माणसाच्या हातानें फिरे. बाहुल्यांच्या मागें माणूस बोले. पेटींतील चित्र कोणतें, हें पेटीवाला गाऊन सांगे. पाळण्यांतील मूल घाबरलें तर हात थांबे; फडासमोरचे लोक हंसले तर सोंगाड्या तोच विनोद लांबवी. खेळ आणि खेळ पाहणारे यांच्यामध्यें एक जिवंत माणूस उभा असे, आणि तो समोरच्या गांवाला ओळखून बोले.

या जुन्या करमणुकीच्या जागीं चित्रपट आला असें सामान्यतः म्हटलें जातें. तें खरें आहे, पण तें एकाएकीं घडलें नाहीं. मधल्या पायरीचें नांव शांबरिक खरोलिका. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ मध्यें या खेळाला आरंभ केला. शंबर हा पुराणांतील मायावी असुर. त्याच्या नांवावरून या मायेच्या दिव्याला हें भारदस्त नांव मिळालें. कांचेच्या पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें, त्यांच्यामागें प्रखर दिवा, पुढें भिंग आणि समोर पांढरा पडदा, अशी त्याची रचना. एकाहून अधिक दिवे लावून, एक चित्र मंद होत असतां दुसरें उजळवीत नेलें म्हणजे पडद्यावरील आकृति हालल्याचा भास होई. रामायण-महाभारतांतील प्रसंग याप्रमाणें दाखवीत, आणि चित्र पडद्यावर असतांना निवेदन, संवाद व गाणीं दिवेवाल्यांच्याच तोंडून चालत. पटवर्धनांनीं व त्यांच्या पुत्रांनीं हा खेळ सुमारें पंचवीस वर्षें गांवोगांवीं नेला. अंधारांत पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून बसावें, आणि ओळखीची कथा उजेडांत उमटतांना पाहावी, ही संवय मराठी प्रेक्षकाला चित्रपटानें लावली नाहीं. ती त्याला या दिव्यानें आधींच लावून ठेविली होती.

खरोलिका सुरू होऊन चार वर्षें झालीं तोंच, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या हालत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर सतरा वर्षांनीं, ३ मे १९१३ रोजीं, गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत, आणि आपल्या नांवाचीं अक्षरें उलटवून 'प्रोफेसर केळफा' असें नांव घेत. जुन्या खेळाची नाडी त्यांना ठाऊक होती. कॉरोनेशनच्या जाहिरातींत या चित्रपटाबरोबरच नृत्य, विनोदी सोंगें आणि पायांनीं वस्तु झेलणाऱ्या एका खेळाडूचें काम, हींही होतीं. नव्या खेळाला अजून जुन्याचा हात धरूनच रंगभूमीवर यावें लागत होतें.

हा हात सहजासहजीं सुटलाही नाहीं. सुरतेची हकीकत प्रसिद्ध आहे. तेथें फाळक्यांच्या चित्रपटाला प्रारंभीं गिऱ्हाईक मिळेना. दोन आण्यांत सहा तासांचें नाटक मिळतें, तेथें तीन आणे देऊन दीड तासाचें चित्र कोण पाहील, असा लोकांचा सवाल होता. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात केली कीं या खेळांत हजारों छायाचित्रें आहेत आणि चित्राची लांबी दोन मैल आहे. सवाल वेळेचा होता, उत्तर लांबीचें मिळालें, आणि गर्दी लोटली. जुन्या करमणुकीला नवीनें हटविण्याचे जे उपाय आहेत, त्यांतील पहिला येथें दिसतो: माप बदलणें. नाटकाच्या मापानें चित्रपट आंखूड होता. फितीच्या मापानें नाटकाला लांबीच नव्हती.

दुसरा उपाय आगगाडीचा. नाटकमंडळी गांवीं न्यावयाची तर पन्नास माणसें, पडदे, पेटारे आणि त्यांचा शिधा न्यावा लागे. चित्रपट लोखंडी डब्यांत बसे. मुंबईकडून येणारा माल मनमाडला रुंद रुळांवरून उतरवून अरुंद रुळांच्या गाडींत चढवावा लागे, आणि तेथून तो मराठवाड्याच्या स्थानकांकडे जाई. हा क्रम मार्ग रुंद होईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत, चालला. अब्दुलअल्ली युसुफअल्ली यांच्यासारखे तंबूवाले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच हजार माणसांचा तंबू घेऊन हिंडत होते. महाराष्ट्रांतही पुढें जत्रेजत्रेला असे तंबू लागूं लागले. पाळण्याच्या आणि फडाच्या शेजारीं पडद्याला जागा मिळाली. खरोलिका १९१८ च्या सुमारास थांबली.

परंतु मूक चित्रपटाच्या काळांत एक गोष्ट टिकून राहिली होती. पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत, पण त्या वाचणारे थोडे. निजामाच्या राज्यांत १९३१ सालींही शंभरांत दहा माणसें साक्षर नव्हतीं. म्हणून पडद्याशेजारीं एक माणूस उभा राही, आणि चित्रांत काय चाललें आहे तें गांवच्या बोलींत सांगे. जवळ पेटी-तबला असे. पेटीवाल्याचा, बाहुलीवाल्याचा, खरोलिकेचा आवाज या माणसाच्या रूपानें अजून जिवंत होता. मराठवाड्यांत या आवाजाचें मोल अधिक होतें. राज्याचा कारभार उर्दूंत चाले. १९१८ मध्यें हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही उर्दूंत होतें. मराठी माणसाला आपली भाषा चारचौघांत मोठ्यानें ऐकूं येई ती कीर्तनांत, बाजारांत आणि जत्रेंत. पडद्याशेजारचा निवेदक हा जत्रेच्या त्या भाषेचाच एक मानकरी होता.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' लागला आणि पडदा स्वतः बोलूं लागला. पुढच्याच वर्षीं, १९३२ मध्यें, प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढला. ही पुन्हां हरिश्चंद्राचीच कथा. ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जी कथा कीर्तनकार सांगे, जी फाळक्यांनीं मूक दाखविली, तीच आतां बोलक्या पडद्यावर आली. कथा हटली नाहीं. प्रेक्षक हटले नाहींत. तंबूही हटला नाहीं. हटला तो पडद्याशेजारचा माणूस.

या बदलाला निव्वळ तोटा म्हणणें अन्यायाचें होईल. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत ५७ आठवडे चालला. पुण्यांत तयार झालेली शुद्ध, भावपूर्ण मराठी वाणी अशा चित्रपटांनीं महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसापर्यंतही पोंचविली. गांवच्या निवेदकाची भाषा कधीं ओबडधोबड असे, त्याची स्मृति दगा देई, आणि त्याला चुकीबद्दल विचारणारा कोणी नसे. बोलपटांत चूक नव्हती. पण त्यांत उत्तरही नव्हतें. मूल घाबरलें म्हणून तो थांबत नसे, आणि गर्दी हंसली म्हणून विनोद लांबवीत नसे. लासूरला आणि लंडनला तो एकच वाक्य एकाच स्वरांत बोले.

हटविणाऱ्यालाही पुढें हटावें लागतें, हें इतिहासाचें जुनें देणें आहे. १९८० नंतर चित्रफितींचे यंत्र आणि घरोघर दूरदर्शन आलें, आणि तंबूंतील गर्दी ओसरूं लागली. मग चित्रपटाची फीतच बंद पडली. डबे गेले, आणि त्यांच्या जागीं संगणकी प्रत आली. महाराष्ट्रांतील जत्रांत हिंडणाऱ्या अशा तंबूवाल्यांच्या अखेरच्या वर्षांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट केला, तो २०१६ मध्यें कान येथील महोत्सवांत दाखविला गेला.

हीच घडामोड सातासमुद्रांपलीकडे अधिक मोठ्या पैशानें चालू आहे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत डिस्ने कंपनीचें एपकॉट नांवाचें करमणुकीचें उद्यान आहे. तेथील नॉर्वे देशाच्या दालनांत १९८८ पासून 'मेलस्ट्रॉम' नांवाची जलसफर होती. प्रेक्षक नावेंत बसत, आणि नॉर्वेचे जुने दर्यावर्दी, तेथील लोककथांतील राक्षस आणि उत्तर समुद्र यांच्यामधून नाव जाई. ऑक्टोबर २०१४ मध्यें ही सफर बंद केली, आणि जून २०१६ मध्यें त्याच जागीं 'फ्रोझन' या २०१३ च्या लोकप्रिय चित्रपटावरील सफर सुरू झाली. नावा त्याच राहिल्या, पाण्याची वाटही बहुतांशीं तीच राहिली. बदललीं तीं कांठावरचीं पात्रें. एका खऱ्या देशाच्या दालनांत एक कल्पित राज्य कशासाठीं, असा आक्षेप त्यावेळीं पुष्कळांनीं घेतला. दुसरीकडे लहान मुलांच्या रांगा लागल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महाराष्ट्रांतही खोपोलीजवळ २०१३ मध्यें उघडलेल्या इमॅजिका या उद्यानांत 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या चित्रपटावर एक सफर बांधलेली होती.

नॉर्वेच्या नावा आणि जत्रेचा तंबू यांत साम्य उघड आहे. नवा खेळ जुन्या खेळाची जागा, यंत्र आणि प्रेक्षक तिन्ही उचलतो, आणि आपलें तेवढें चित्र वर लावतो. पण एक भेद आहे, आणि तो साम्याहून मोठा आहे. हरिश्चंद्र कोणाच्या मालकीचा नव्हता. म्हणून तो पेटीवाल्याच्या गाण्यांतून कीर्तनांत, कीर्तनांतून मूकपटांत आणि तेथून बोलपटांत जाऊं शकला. आणि बोलपट ओसरल्यावरही तो गांवांत उरलाच. चित्रपटकंपनीची कथा कंपनीच्या मालकीची असते. ती नावेंत बसविली जाते तशीच, कंपनीच्या हिशेबांत बसेनाशी झाली म्हणजे, उतरविलीही जाते. मग त्या कांठावर जें नॉर्वेचें होतें तेंही नसतें, आणि जें नंतर आलें तेंही नसतें.

जुनें तें सर्वच राखावें असें कोणी म्हणणार नाहीं. रहाटपाळण्याला आतां विजेचें यंत्र लागलें, आणि तो अधिक उंच गेला. त्याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच, कीं खेळ बदलतांना गांवाशीं बोलणारा माणूस कोठें तरी शिल्लक ठेविला जातो किंवा नाहीं. पटवर्धनांच्या खरोलिकेच्या रंगीत कांचांपैकीं कांहीं आजही जपलेल्या आहेत. उजेडासमोर धरल्या तर त्यांतील रंग पुन्हां भिंतीवर उतरतात. त्या कांचांशेजारीं उभे राहून कथा सांगणाऱ्यांचा आवाज मात्र कोणीही जपून ठेविला नाहीं, कारण तो नाहींसा होईल असें त्यावेळीं कोणालाच वाटलें नव्हतें.