तापीच्या काठाने सुरत

सुरतेला गेलेला मराठी माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो. घारी चांगली कुठे मिळते, आणि महाराजांनी लुटली ती सुरत कुठे आहे? पहिल्याचं उत्तर कोणीही देईल. दुसऱ्यासाठी चौक बाजारात जुन्या किल्ल्यापाशी उतरावं आणि तापीच्या काठाकाठाने खाली नानपुऱ्याकडे, मक्काई पुलापर्यंत पायी जावं. वाट फार तर अर्ध्या तासाची. पण या एवढ्याशा वाटेवर सुरतेचा स्वभाव कळतो.

आधी किल्लाच बघा. पोर्तुगीजांनी १५१२ साली आणि पुन्हा १५३० साली नदीतून वर येऊन सुरत जाळली. म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात, १५४०च्या दशकात, खुदावंद खानाने हा किल्ला अगदी पाण्याच्या कडेला बांधला. शत्रू येणार तो समुद्राकडून, हे त्यात गृहीत होतं. महानगरपालिकेने आता तो दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय.

समुद्राकडून नुसता शत्रूच यायचा असं नाही, सुरतेचं पोटपाणीही तिकडूनच. मोठी जहाजं गाळामुळे इथवर येऊ शकत नसत. ती नदीच्या मुखाशेजारी सुवाळीला नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून किल्ल्याशेजारच्या जकातघरात येई. इथली झडती परदेशी प्रवाशांच्या लिखाणात चांगलीच कुप्रसिद्ध आहे. नदीवरच्या घाटाला इथे ओवारा म्हणतात. हजला जाणारे यात्रेकरू मक्काई पुलाच्या बाजूने होडीत बसत, म्हणून त्या जागेला ते नाव. त्यांच्यासाठी १६४४ साली बांधलेल्या मुघलसराईत आज महापालिकेचं कार्यालय आहे. मक्केची वाट ते नगरपालिकेचा कर, एकाच इमारतीचा हा प्रवास!

तर शहराचं तोंड असं पश्चिमेला, पाण्याकडे. आणि जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले ते पाठीमागून. त्यांचा तळ पडला बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत. सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. पाण्यावरच्या शत्रूसाठी ठेवलेल्या तोफा त्याने शहरावरच डागल्या, आणि त्यात पडली ती सुरतेचीच घरं. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवत राहिले. बाकी शहर चार दिवस लुटलं गेलं, जळलं.

शाळेत आपण हा धडा मान ताठ करून वाचतो. शाहिस्तेखानाने तीन वर्षं मुलूख उजाड केला होता, त्याची भरपाई मोगलांच्या तिजोरीतून झाली, हे बरोबरच आहे. पण सुरतेची तिजोरी म्हणजे कोण? त्यातलं पहिलं नाव वीरजी व्होरा. हा जैन सावकार इतका मोठा, की ईस्ट इंडिया कंपनी त्याच्याकडून कर्ज काढी. बाजारातली सगळी मिरी उचलून तो इंग्रजांना आपल्या भावाने विके. त्याचं घर त्या चार दिवसांत रिकामं झालं. महाराजांचं नाव घेतल्याशिवाय आम्हा मराठी जैनांचा इतिहास सुरू होत नाही, आणि वीरजीला परका म्हणायला जीभ वळत नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक खोडून दुसरं सोपं करून घ्यावं असं मला वाटत नाही.

वीरजीच्या मुलीचा मुलगा लवजी. परंपरा सांगते, की तो दीक्षा घेऊन लवजी ऋषी झाला, आणि स्थानकवासी संप्रदायाची सुरुवात करणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. आजोबांची दौलत लुटली गेली, त्याच्या आधीच नातू ती सोडून निघून गेला होता.

आणखी एक नोंद फ्रेंच प्रवासी बर्नियेची आहे. महाराजांनी एका फादरचं घर सोडलं. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचं घरही सोडलं, कारण तो जिवंतपणी फार दानधर्म करायचा असं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणजे लुटीच्या त्या गर्दीतही, हा पैसा कसा वापरला गेला, हे कोणी तरी विचारत होतं.

पुढे शहराला विटांची भिंत आली. तरी १६७० साली मराठे पुन्हा आलेच. १६८७ साली इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं मुंबईला नेलं. गाळ वाढत होता, व्यापार ओसरत होता. सुरतेचं मोठेपण लुटीने एका फटक्यात संपलं नाही, ते असं हळूहळू मुंबईकडे वाहून गेलं. १९०७च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन याच नदीकाठी भरलं, मांडवात एक मराठी जोडा उडाला आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. सुरतेला आपली दुसरी ओळख ही अशी!

मक्काई पुलाशी डच बाग लागते. इथे थांबून खाली समुद्राकडे न बघता वर, नदी येते तिकडे बघावं. ही तापी मुलताईला उगवते, बुऱ्हाणपूरवरून, भुसावळवरून, आपल्या खानदेशातून येते. ऑगस्ट २००६ मध्ये वर धो धो पाऊस झाला, उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. शत्रू, पूर, सगळं आलं ते बुऱ्हाणपूरच्या दिशेनेच. पण कापूस, कापडही त्याच दिशेने येई, आणि लिंबायत-उधन्यात आज राबणारी खानदेशी माणसंही तिकडूनच आलेली आहेत.

सुरतेने किल्ला बांधला समुद्राकडे तोंड करून. तिचं बरंवाईट मात्र शतकानुशतकं पाठीमागून, आपल्याकडूनच येत राहिलं.