सिस्टर ते लेफ्टनंट: लष्करी परिचारिकेच्या पहिल्या हुद्द्याचा मागोवा

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात किंवा कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीमध्ये चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केलेली मुलगी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये रुजू होते ती लेफ्टनंट म्हणून. खांद्यावर दोन तारे, वय बाविशीच्या आसपास. दुसरी एखादी नर्स एम.एस्सी. झालेली असते, दहा वर्षं अतिदक्षता विभागात राबलेली असते आणि पस्तिशीच्या आत शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून येते. तीही लेफ्टनंटच. शिक्षण वेगळं, अनुभव वेगळा, हुद्दा मात्र एकच. हा हुद्दा कसा ठरला, हे समजून घ्यायचं तर सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं.

मार्च 1888 मध्ये प्रशिक्षित इंग्रज परिचारिकांची दहा जणींची तुकडी मुंबई बंदरात उतरली. हिंदुस्थानातल्या लष्करी रुग्णालयांत रीतसर शुश्रूषा सुरू करण्याचं काम त्यांच्यावर होतं. प्रमुख होत्या कॅथरीन ग्रेस लॉक, आणि त्यांची पहिली कर्मभूमी होती रावळपिंडी. त्यांना पद होतं, ‘लेडी सुपरिंटेंडेंट’. हाताखालच्यांना ‘सिस्टर’ म्हणत. लष्करी हुद्दा कोणालाच नव्हता. त्या काळच्या सेनेत हुद्दा हा पुरुषांचा आणि लढणाऱ्यांचा मान होता. वॉर्डात बाईचा शब्द चालावा एवढीच सोय सरकारला हवी होती.

खरी अडचण तिथेच होती. लष्करी रुग्णालयात औषधपाणी, जखमा धुणं, रुग्णाला उचलणं-ठेवणं ही बरीच कामं शिपाई दर्जाचे ऑर्डर्ली करत. शिपाई हुकूम मानतो तो हुद्द्याचा. रात्री दोन वाजता सिस्टरने ड्रेसिंग बदलायला सांगितलं आणि ऑर्डर्लीने टाळाटाळ केली, तर तिने कशाच्या जोरावर बजावायचं? परिचारिकांच्या हुद्द्याचा प्रश्न मानापमानातून उभा राहिला, असं अनेकांना वाटतं. त्याच्या मुळाशी रुग्णाचा जीव होता. वेळेवर न बदललेल्या पट्टीने माणूस दगावतो, आणि ती बदलवून घेण्यासाठी अधिकार लागतो.

हाच पेच अमेरिकेतही पडला. तिथे 1901 मध्ये आर्मी नर्स कोअर स्थापन झाली, पण परिचारिका अधिकारीही नव्हत्या आणि शिपाईही नव्हत्या. पहिल्या महायुद्धात हजारो नर्स फ्रान्समध्ये गेल्या आणि ही अधांतरी अवस्था उघडी पडली. परत आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी काँग्रेससमोर बाजू मांडली. 1920 च्या कायद्याने त्यांना ‘सापेक्ष हुद्दा’ मिळाला: सेकंड लेफ्टनंटपासून मेजरपर्यंतची पदं, तीच चिन्हं, रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या खालोखाल अधिकार. कमिशन मात्र नाही, आणि त्याच हुद्द्याच्या पुरुषाइतका पगारही नाही. ज्युलिया स्टिम्सन या पहिल्या मेजर झाल्या, पण तो मेजरपणा अर्धाच होता. कॅनडाने त्याआधीच, बोअर युद्धाच्या वेळी, आपल्या नर्सिंग सिस्टर्सना लेफ्टनंटच्या बरोबरीचा दर्जा दिला होता.

हिंदुस्थानात वाट अधिक संथ होती. 1914 मध्ये महायुद्धासाठी इथल्या परिचारिकांची पहिल्यांदा भरती झाली. 1 ऑक्टोबर 1926 रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली. सुरुवातीच्या मनुष्यबळात 12 मेट्रन, 18 सिस्टर आणि 25 स्टाफ नर्स होत्या. ही उतरंड पूर्णपणे रुग्णालयाची होती. नव्याने आलेली बाई स्टाफ नर्स म्हणून लागायची आणि तिची पायरी तिच्या कामावरून ठरायची.

दुसऱ्या महायुद्धाने हे बदललं. ब्रिटनने 1941 मध्ये परिचारिकांना आणीबाणीची कमिशन्स दिली. आपल्याकडे सप्टेंबर 1943 मध्ये मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसेसचा अध्यादेश आला आणि एकवीस वर्षांवरील पात्र स्त्रीची ‘अधिकारी’ म्हणून नेमणूक करण्याची तरतूद झाली. अमेरिकेतल्या नर्सना पूर्ण, तरीही तात्पुरतं कमिशन मिळालं जून 1944 मध्ये, म्हणजे आपल्यानंतर. कायमचं कमिशन तर 1947 मध्ये, आणि ते पहिल्यांदा स्वीकारणाऱ्या होत्या फ्लॉरेन्स ब्लँचफील्ड. भारतीय परिचारिकेच्या दोन ताऱ्यांचं मूळ 1943 च्या त्या अध्यादेशात आहे.

त्याच अध्यादेशात एक शब्दप्रयोग आहे, ज्याची सावली आजही पडते. ही सेवा सशस्त्र दलांचा भाग आहे, पण ‘सहायक दल’ म्हणून. अधिकारी खऱ्या, दल मात्र जोडीचं. स्वातंत्र्यानंतर हा अध्यादेश तसाच चालू राहिला. 27 ऑगस्ट 1976 रोजी गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या आणि दोन तारांकित पदावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. 2003 मध्ये जसबीर कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सेवा लष्कराचा भाग असली तरी वेगळा वर्ग असल्याचं मान्य केलं. सातव्या वेतन आयोगातही तो फरक दिसतो: मिलिटरी सर्व्हिस पे इतर अधिकाऱ्यांना 15,500 रुपये, तर नर्सिंग अधिकाऱ्यांना 10,800.

हुद्दा असूनही पायाखालची जमीन किती भुसभुशीत असू शकते, हे एका लेफ्टनंट परिचारिकेने भोगलं. 1988 मध्ये केवळ लग्न केलं म्हणून तिला सेवेतून मुक्त केलं गेलं. ज्या नियमावर ते झालं तो 1977 चा होता आणि 1995 मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि तिला 60 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. न्याय मिळायला छत्तीस वर्षं लागली.

आता पुन्हा पहिल्या हुद्द्याकडे. लष्करात थेट भरती होणारा एम.बी.बी.एस. डॉक्टर शॉर्ट सर्व्हिसमध्ये कॅप्टन म्हणून येतो, आणि पदव्युत्तर पदवी असेल तर त्याची सेवाज्येष्ठता मागच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे बाहेर मिळवलेल्या शिक्षणाची किंमत करण्याची रीत आपल्या लष्कराला ठाऊक आहे. अमेरिकेत नर्सच्या बाबतीतही तेच होतं. नर्सिंगची पदवी हा पाया, त्यावर पदव्युत्तर शिक्षणाचं आणि व्यावसायिक अनुभवाचं वर्षांच्या हिशोबात श्रेय मिळतं. एकच काळ दोनदा मोजला जात नाही, आणि बेरजेवरून ती सेकंड लेफ्टनंट, फर्स्ट लेफ्टनंट की त्याहून वरच्या हुद्द्यावर येणार हे ठरतं.

आपल्याकडे एकच हुद्दा ठेवण्यामागेही विचार आहे. सगळ्या जणी एकाच ओळीतून निघतात, ज्येष्ठतेचे वाद कमी होतात, आणि आतून शिकून आलेल्या मुलीवर बाहेरून आलेली वरचढ ठरत नाही. हे म्हणणं मोलाचं आहे. पण त्याची किंमत कोण चुकवतं तेही पाहावं. दहा वर्षं व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळलेल्या नर्सला पहिल्या दिवशी शून्यावर उभं केलं, तर तिचा अनुभव कागदावर नाहीसा होतो, आणि असा अनुभव असलेल्या बायका मग खासगी रुग्णालयं किंवा परदेश निवडतात.

1943 मध्ये प्रश्न होता, परिचारिका अधिकारी होऊ शकते का. तो सुटला. आजचा प्रश्न आहे, ती येताना काय घेऊन येते हे मोजायचं की नाही. डॉक्टरांसाठी जो हिशोब लष्कर करतं, तो नर्ससाठीही करावा. त्यासाठी नवा सिद्धांत लागत नाही. सेवाज्येष्ठतेच्या नियमात अनुभव आणि पदव्युत्तर पदवीला जागा दिली तरी पुरे.