लुगडे, पातळ आणि वेचणीचा शर्ट

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातील काळ्या रानात कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील वस्त्यांवर मिस्सा संध्याकाळी ठेवावी लागते, कारण दिवसा गावात म्हातारीकोतारी माणसे आणि तान्ही मुले यांखेरीज कोणी सापडत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीवर मिस्सा आटोपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्यापाशी आले. "फादर, आजकाल बाया साडीवर पुरुषांचे शर्ट चढवून मिस्साला येतात. पवित्र शास्त्रात याला मनाई आहे. तुम्ही बोललं पाहिजे," ते म्हणाले. पुढच्या खेपेस मी बोललो. वेदीपुढे उभा राहून, सौम्य शब्दांत का होईना, देवाच्या घरी नीटनेटक्या पोशाखात यावे असे मी सुचवले.

त्यानंतरचे तीन आठवडे मागच्या चटया रिकाम्या राहिल्या. चौथ्या आठवड्यात त्यांपैकी एक बाई रस्त्यात भेटली. मी विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "रानातून सुटायलाच दिवस मावळतो, फादर. घरला जाऊन लुगडं बदलावं म्हणलं तर मिस्सा सरतीया. आन् शर्ट काढून यावं तर आतलं पातळ फाटलेलं." सेमिनरीत मी बारा वर्षे काढली, तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण बाईमाणूस कामाला जाताना अंगावर काय घालते आणि का घालते, हा प्रश्न मला कोणी घातला नव्हता आणि मीही स्वतःला घातला नव्हता. त्या बाईच्या उत्तराने मला अभ्यासाला बसवले. वाचकांपुढे ठेवतो आहे ते त्या अभ्यासाचे टिपण.

आरंभ लुगड्यापासूनच करावा लागेल. मी मूळचा वसईकडचा. आजीचे लाल लुगडे माझ्या डोळ्यांपुढे आहे. वाडीत पाणी शिंपताना ते गुडघ्यापर्यंत वर खोचलेले असे. मराठवाड्यात आलो तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर इरकली लुगडी आणि खणाच्या चोळ्या दिसल्या. इरकल म्हणजे कर्नाटकातील इळकल. खणही तिकडचाच, गुळेदगुड्डचा. रंग निराळे, काठ निराळे, पण नेसण्याची रीत तीच: नऊ वार कापड, निऱ्यांचा भाग दोन पायांतून मागे नेऊन खोचलेला कासोटा, आणि उरलेल्याचा पदर. शिवणकाम नाही, गुंडी नाही, नाडी नाही. परकरही नाही. चोळी आणि लुगडे या दोन वस्त्रांत बाई पूर्ण झाकली जाते आणि तरी तिचे दोन्ही पाय मोकळे राहतात. चिखलात लावणी करायची तर लुगडे आखूड नेसावे, बाजाराला जायचे तर घोट्यापर्यंत सोडावे. विहिरीत उतरा, बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढा, कोठे अडत नाही.

लुगड्याला खिसे नाहीत असे आपण समजतो, पण तेही खरे नाही. कमरेशी कनवटीला पैसे, पुढे ओच्यात सुपारीची चंची, आणि पदराची ओटी केली की त्यात शेर-दोन शेर धान्य. वेचणीच्या बाया पूर्वी कापूस याच ओटीत गोळा करीत आणि ओटी भरली की बांधावरच्या ढिगात रिती करीत. सुगी, पैका आणि लेकरू, तिन्हींना या एका कापडात जागा होती.

लुगडे मध्यावर विरले की बाई ते टाकून देत नसे. विरलेला भाग कापून काढी आणि धड टोके एकमेकांना शिवून टाकी. याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडे नेसणे ही गरिबीची खूण होती, पण लाज नव्हती. दंड घालण्याच्याही पलीकडे गेले की त्याची वाकळ होई. एक लुगडे अशा रीतीने दोन पिढ्या पुरे.

दोष एकच, पण मोठा: धुणे. ओले झालेले नऊ वार जाडेभरडे सुती कापड पिळायला मनगटात जोर लागतो, वाळायला ऊन लागते, धुवायला पाणी लागते. परभणीकडे ऊन मुबलक. पाण्याची कथा मात्र निराळी. १९७२ च्या दुष्काळात ज्या बायांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, त्यांच्यापैकी काही जणी आजही आमच्या वस्त्यांवर आहेत. अंगावर एक आणि दोरीवर एक, इतकीच लुगडी असत, आणि दोरीवरचे धुण्यासाठी घागरभर पाणी खर्च करावे की नको, यावर घरात बोलाचाली होई, असे त्या सांगतात.

लुगड्याकडून पाचवारी पातळाकडे समाज कसा वळला, याची कथा परभणीपासून दूर सुरू होते. बंगालमधील ज्ञानदानंदिनी देवी, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी, १८६० च्या दशकात पतीसमवेत मुंबईस आल्या. घराबाहेर, चारचौघांत वावरायला योग्य अशी नेसण त्यांनी तेथील पारशी स्त्रियांकडून घेतली आणि बंगालात नेली. जी रीत आज भारतभर एकच एक 'साडी' मानली जाते, तिच्या घडणीत अशा प्रवासाचा मोठा वाटा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या थंडीत ते सोसणारे नव्हते आणि तिकडच्या लोकांत शोभणारेही नव्हते. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही. त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय पूर्ण झाकणारी नेसण घेतली. त्याच्याही आधी, १८४८ पासून, पुण्यात मुलींना शिकवायला जाताना सावित्रीबाई फुले सोबत दुसरे लुगडे बाळगीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अंगावरच्या लुगड्यावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई. नोकरीला निघालेल्या मराठी स्त्रीच्या पोशाखाचा इतिहास कोणाला लिहायचा असेल, तर त्याने पहिले पान या दुसऱ्या लुगड्याला द्यावे.

विसाव्या शतकात शहरांतून पाचवारी रुळली. सकच्छ नेसावे की विकच्छ, यावर पांढरपेशा घरांतून बरीच शाई आणि बराच श्वास खर्च झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी रेल्वे शतकाच्या उंबरठ्यावरच येथून धावू लागली होती, १९३२ पासून निजामाच्या राज्यात सरकारी मोटारगाड्याही सुरू झाल्या. तरी गोल पातळ खेड्यांत पोचायला १९४८ चा मुक्तिलढा संपून शाळा, दवाखाने आणि त्यांच्याबरोबर मास्तरीणबाई व नर्सबाई याव्या लागल्या. पातळ हे आधी नोकरदार बाईचे वस्त्र म्हणून आले आणि मग सुनेचे वस्त्र झाले.

कापड वाचले, हे या बदलाचे एक कारण सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण पाचवारीला खाली परकर लागतो आणि त्याचे कापड निराळे. आणि कासोटा गेला त्याबरोबर चाल गेली. एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे तिच्यावर चढणाऱ्या बाईला विचारावे: एका हातात पिशवी, कडेवर मूल, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलून धरायच्या, मग दांडा कशाने पकडायचा? सायकलची तर गोष्टच नको. नऊवारीतील आजी ज्या बांधावरून सहज उडी मारी, तो बांध पाचवारीतील नात वळसा घालून ओलांडू लागली. सुधारणेच्या नावाखाली येणारी प्रत्येक गोष्ट सोय आणतेच असे नाही.

धुण्याचा प्रश्न सुटला तो एका वेगळ्याच दिशेने. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी टेरिलीनचा धागा शोधून काढला. आपल्याकडे टेरिलीन आणि टेरीकॉट ही आधी बाबू लोकांच्या शर्टाची मिजास होती. पुढे सुरतेच्या मागांवरून छापील पॉलिएस्टर साडी निघू लागली आणि ती आठवडी बाजारात आली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत. गिरणीचे स्वस्त सुती पातळ मागे पडत गेले आणि त्याची जागा यंत्रमागाने आणि कृत्रिम धाग्याने घेतली.

पॉलिएस्टरला नावे ठेवणे सोपे आहे. खादीचा सदरा घालून मीही ती पुष्कळ ठेवली. पण रात्री तांब्या-दोन तांब्यांत खळबळून दोरीवर टाकलेली साडी पहाटे कोरडी मिळते, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही, वर्षानुवर्षे फाटत नाही, ही सोय पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला काय वाटली असेल? धुण्याच्या ओझ्यातून तिची निम्मी सुटका एका कारखान्यातील धाग्याने केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. किंमत मात्र तिनेच मोजली. हा धागा घाम शोषत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात अंगाला पुरळ येते. त्याची वाकळ उबदार होत नाही. आणि चुलीची ठिणगी पडली तर सुती कापडासारखा तो नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो. भाजलेल्या बायांना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत. त्याचे अधिक वर्णन करीत नाही.

ज्या जिल्ह्यातील मानवत आणि सेलू या बाजारपेठा कापसाच्या गाड्यांनी भरून जातात, तेथे कापूस वेचणारी बाई सुती कापड नेसत नाही, कारण सुती तिला परवडत नाही. २००२ नंतर बीटी कापूस आला, तशी वेचणी वाढली आणि वेचणीच्या बायांचे काम वाढले. बोंडाची वाळलेली नखे हातांना ओरबाडतात. सोयाबीनच्या शेंगा टोचतात. पाथरी-गंगाखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना विचारा, उसाचे पाते करवतीसारखे असते. उघड्या दंडांची आणि पातळ ब्लाउजाची बाई हे सारे कसे सोसणार? तिने नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट उचलला आणि साडीवरून घातला. हा पोशाख कोणा शिंप्याने बेतला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, गृहविज्ञानाच्या विभागाने शेतकरी स्त्रियांचे श्रम हलके करणाऱ्या साधनांवर आणि कपड्यांवर काम केले आहे, ते स्तुत्यच आहे. पण शर्टाचा शोध त्याआधीच बांधावर लागला होता. लुगड्याबरोबर गेलेली कनवटही त्याने परत दिली: छातीवर एक खिसा. आज त्यात मोबाईल असतो.

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांचा आक्षेप. 'अनुवाद' या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात स्त्रीने पुरुषाचे वस्त्र घालू नये, अशी आज्ञा आहे खरी. मूर्तिपूजकांच्या काही विधींत होणाऱ्या वेषांतराशी तिचा संबंध असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पण मला अधिक उपयोगी वाटले ते एक जुने पत्र. इ.स. ८६६ साली बल्गेरियाचा राजा बोरिस याने नव्याने स्वीकारलेल्या धर्माविषयी अनेक प्रश्न पोप पहिले निकोलस यांना विचारले आणि पोपमहाशयांनी त्यांना १०६ उत्तरे धाडली. त्यांत एक प्रश्न विजारीचा होता. पोपमहाशयांच्या उत्तराचा आशय असा, की शास्त्रात विजार पुरुषांसाठी सांगितली आहे. तथापि तुम्ही किंवा तुमच्या स्त्रियांनी ती घातली किंवा न घातली, तारणाच्या आड ती येत नाही आणि तिच्याने सद्गुणही वाढत नाही. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी रोममध्ये निकालात निघालेला प्रश्न मी परभणीच्या एका वस्तीवर पुन्हा उकरून काढला होता.

धर्मभगिनींच्या पोशाखाचा इतिहासही याच वाटेने गेला आहे. मदर तेरेसांनी १९४८ साली लोरेटोचा मठ सोडताना बाजारातील स्वस्त, निळ्या काठाची पांढरी साडी घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्रतस्थ जीवनाविषयीचा हुकूमनामा प्रसिद्ध केला. व्रतस्थांचा पोशाख साधा, गरिबीला शोभणारा आणि शालीन असावा, तसाच तो आरोग्याला, स्थळकाळाला आणि सेवेच्या गरजांना अनुरूपही असावा, असे त्यात सांगितले आहे. त्यानंतर युरोपीय झगे जाऊन साड्या आल्या, आणि आता खेड्यांत स्कूटरवरून फिरणाऱ्या सिस्टर पंजाबी ड्रेस घालतात. शाळांतही साडीचाच हट्ट उरलेला नाही. शासनाच्या मार्च २०२४ च्या सूचनेत शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार आणि चुडीदारही बसवले आहेत. आरोग्य आणि सेवेची गरज हे दोन निकष परिषदेने सिस्टरांना लागू केले. वेचणीच्या बाईला ते लागू नाहीत, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात आहे. संत जनाबाईंचा जन्म तिथला. दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीच्या एका प्रसिद्ध अभंगात डोक्यावरून ढळलेल्या पदराची गोष्ट आहे, आणि तो सावरण्याची घाई तिला नाही. तो अभंग मी शाळेत पाठ केला होता, पण वेचणीवरून आलेल्या बायांना उपदेश करताना मला तो आठवला नाही.

पुढच्या हंगामात मी वेदीपुढूनच क्षमा मागितली. ते ज्येष्ठ गृहस्थ दोन महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. मागच्या चटया हळूहळू भरल्या. गेल्या पावसाळ्यात सिस्टरांच्या शिवणवर्गातील मुलींनी त्या बायांचीच मापे घेऊन गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा सुती डगला बेतायला घेतला. कापडाचा भाव ऐकून दोघी-तिघींनी जुना शर्टच बरा म्हणून नाद सोडला. बाकीच्यांचे अजून एकमत झालेले नाही. खिसे दोन हवेत यावर सगळ्या ठाम आहेत. ते वर छातीवर असावेत की खाली बाजूला, यावर वाद चालू आहे, कारण खाली वाकले की वरच्या खिशातला मोबाईल सरीत पडतो.