काडतूसवहन (शिकारीतील)

बंदुकीत भरलेल्या बारापलीकडे लागणारी दारू, शिसे वा काडतुसे शिकाऱ्याने आपल्या अंगावर, सोबत्याकडे अथवा वाहनात कोरडी, निर्धोक आणि क्षणात हाती येतील अशी बाळगण्याची रीत व त्यासाठीची साधने. या साधनांचे स्वरूप मुख्यतः तीन गोष्टींनी ठरत आले : हत्यार भरण्याची पद्धत, सावजाचा प्रकार आणि भूमीची ठेवण. प्रस्तुत नोंदीत सोलापूर जिल्ह्यातील माळरानाचा विशेष विचार केला आहे.

ठासणीच्या बंदुकीचा काळ : तोड्याच्या व पुढे चकमकीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि रंजक ही निरनिराळी भरावी लागत असल्याने शिकाऱ्याच्या अंगावर पात्रेही तितकीच असत, दारूसाठी बारूददान, गोळ्यांसाठी चामडी कसा आणि बंदुकीच्या कानावर (पेटवणीच्या छिद्रापाशी) घालावयाच्या बारीक दारूसाठी लहानसे रंजकदान. सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाने सिद्ध होणारी काळी दारू ओलाव्याने निकामी होते आणि ठिणगीने पेटते, ही दोन्ही भये ध्यानी घेऊन शिंग, लाकूड, शिंपला, हस्तिदंत व कातडे यांची पात्रे पसंत केली जात. मोगल अमदानीतील हस्तिदंती रंजकदानांवर तर हरिणादी श्वापदांचे अत्यंत नाजूक कोरीवकाम आढळते. युरोपातील सतराव्या शतकाचा बंदूकधारी एकेका बाराची दारू भरलेल्या लाकडी कुप्या खांद्यावरून आडव्या टाकलेल्या पट्ट्यास टांगीत असे. पुढे दारू व गोळी कागदात एकत्र गुंडाळण्याची रीत रूढ झाली, तेव्हा कवायती पलटणींत या कुप्यांची जागा तोसदानाने (काडतुसे ठेवण्याच्या पेटीने) घेतली. परंतु सावजाप्रमाणे दारूचे प्रमाण कमीअधिक करण्याची मुभा हवी असल्याने शिकारी मात्र बारूददानासच धरून राहिला.

एकोणिसाव्या शतकात टोपीदार बंदुकीबरोबर तोंडाशी मापाची नळी व कमानीचे झाकण असलेले धातूचे बारूददान आणि छर्ऱ्यांचा चामडी पट्टा ही जोडी प्रचारात आली. नळीत निखारा शिल्लक असता बारूददानातून थेट दारू ओतणे प्राणावर बेतू शके, म्हणून सावध शिकारी ती प्रथम वेगळ्या मापात काढून घेई. दर बारामागे एवढा खटाटोप असतानाही दख्खनच्या माळावर सुमारे एक सहस्र माळढोक एकट्या शिकाऱ्याने मारल्याचा उल्लेख कर्नल साइक्स या पक्षिशास्त्रज्ञाने करून ठेवला आहे. त्यावरून पुढील सुलभ हत्यारांनी काय अनर्थ केला असेल याची कल्पना यावी.

काडतुसाचा काळ : मागून भरावयाच्या बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या आणि दारू, छर्रा व टोपी ही एकाच नळकांड्यात सामावली. बारा बोअरच्या सामान्य काडतुसात १⅛ औंस, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम छर्रा असतो, व २५ काडतुसांचा भार सव्वा किलोच्या आसपास भरतो. हा भार वाहण्याचे प्रमुख प्रकार असे : (१) कमरपट्टा : प्रत्येक काडतुसास स्वतंत्र घर असलेला चामडी वा जाड कापडी पट्टा, यात शिल्लक नजरेने मोजता येते व हात चटकन पोहोचतो, परंतु पालथे सरपटताना तो पोटाखाली रुततो. (२) आडवा पट्टा : भार खांद्यावर येत असल्याने लांबच्या चालीस सुखावह, पण वाकताच पुढे लोंबतो. (३) झोळी : पाणपक्ष्यांच्या शिकारीस, जेथे एका सकाळी कित्येक बार उडत, तेथे उपयुक्त, मात्र तीतील काडतुसे एकमेकांवर आपटून वाजतात. (४) कोटाचे वा बंडीचे खिसे : अल्प संख्येस सर्वांत सोयीचे, जाड छर्रा एका बाजूस व बारीक दुसऱ्या बाजूस ठेवण्याचा शिरस्ता यातूनच पडला. (५) पाकीट : रायफलीच्या पाचदहा काडतुसांसाठी घरे शिवलेले, कमरेस अडकवावयाचे चामडी पाकीट, काही जण हीच घरे बंदुकीच्या दस्त्यावर चढवितात.

सोलापूरचा माळ : झाडोरा विरळ, जमीन सपाट आणि दृष्टी दूरवर पोहोचणारी, अशा या प्रदेशात काळविटाच्या जवळ जाणे हेच शिकारीतील खरे कौशल्य मानले जाई. शेतकऱ्याच्या बैलगाडीस काळवीट बिचकत नाही हे जाणून दख्खनमधील शिकारी गाडीच्या आडोशाने चालत. त्यामुळे जादा काडतुसे गाडीतच पेटीत राहत आणि अंगावर मोजकीच घेतली जात. शहरानजीकच्या, १८७१ साली पुऱ्या झालेल्या एकरूख तलावासारख्या जलाशयावर हिवाळी बदकांसाठी बसणाऱ्यास मात्र झोळीवाचून गत्यंतर नसे. याच माळावर फासेपारधी फास लावून तितर-लावे धरीत. त्यांना यांपैकी कोणत्याच साधनाची गरज नव्हती. जिल्ह्यातील अक्कलकोट येथे संस्थानिक भोसले घराण्याचे शस्त्रागार असून जुन्या हत्यारांच्या अभ्यासकाने ते अवश्य पाहावे.

निगा व सुरक्षा : चामडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळी काडतुसावर हिरवा गंज चढतो व ते नळीत अडकते, म्हणून चामडी पट्टा वाहण्यापुरता वापरावा, साठवणीस नव्हे. कागदी काडतूस पावसाळी दमटपणाने फुगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या नळकांड्याने ही अडचण बव्हंशी दूर केली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसपलीकडे जात असल्याने, व तापलेल्या दारूचा नळीतील दाब वाढत असल्याने, काडतुसे उघड्या उन्हात ठेवणे अनिष्ट होय. सर्वांत मोठा धोका भिन्न मापांच्या सरमिसळीचा : वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि मागून दुसरे भरून चाप ओढल्यास नळी फुटते, म्हणून एका पट्ट्यात एकाच मापाची काडतुसे असावीत, असा दंडक आहे.

कायदा : हत्यार व दारूगोळा बाळगण्यावर १८७८ च्या व त्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने सरकारी परवान्याचे बंधन घातले असून, परवान्यात एका वेळी जवळ ठेवावयाच्या व वर्षभरात खरेदी करावयाच्या काडतुसांची संख्या नमूद केलेली असते, सबब पट्ट्यात घरे कितीही असली तरी शिलकेची मर्यादा दप्तरीच ठरलेली असते. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसेही तयार होत आली आहेत. शिकारीवरील निर्बंध मुंबई राज्याच्या १९५१ च्या अधिनियमाने व पुढे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने उत्तरोत्तर कडक केले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा मार्ग बंद झाला. पिकांची नासाडी करणाऱ्या अथवा मनुष्यास धोकादायक ठरलेल्या प्राण्याविषयी सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने होणारी कारवाई यासारखे मोजकेच अपवाद आता उरले आहेत. सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील माळरानावर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. नान्नज हे त्यातील प्रसिद्ध स्थान असून, मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करण्यास मनाई आहे.