नाचोज: भट्टीतले आणि पंपातले

फेब्रुवारीत सुपर बोल जवळ आला की अमेरिकेतल्या मित्रांचे मेसेज सुरू होतात: मॅच बघताना खायला काहीतरी ‘हेल्दी’ सुचव. कंपूतल्या दोघांना आता बीपीच्या गोळ्या आहेत, त्यामुळे प्रश्न चेष्टेचा राहिलेला नाही. माझं उत्तर मात्र इतिहासातलं असतं. नाचोज घ्या.

मेक्सिकोच्या सीमेवर पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. नदीपलीकडे टेक्सासमधलं ईगल पास. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या व्हिक्टरी क्लबमध्ये पलीकडून काही अमेरिकन बायका आल्या, आणि स्वयंपाकी जागेवर नाही! मग इग्नासिओ अनाया स्वतःच आत गेला आणि हाताला लागलं ते उचललं. मक्याच्या टॉर्टियाचे तळलेले तुकडे, वर किसलेलं चीज, हॅलपिन्यो मिरचीच्या चकत्या. भट्टीत चीज वितळलं, झालं. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, तेच पदार्थाला चिकटलं. आता यात गंमत बघा: तुकड्यागणिक मोजकं चीज आणि एक चकती. बकाणा भरायची सोयच नव्हती.

१९७६ मध्ये फ्रँक लिबर्टोने टेक्सासच्या आर्लिंग्टन स्टेडियमवर बेसबॉलच्या प्रेक्षकांना नाचोज विकायला घेतले. अडचण वेळेची. चीज वितळेपर्यंत माणूस मॅच सोडून लायनीत किती उभा राहणार? म्हणून फ्रिजशिवाय टिकणारा पातळ चीज सॉस आला. चिप्सवर ओतला की गिऱ्हाईक मोकळं. धंद्याची अक्कल जबरदस्त, मान्यच. पण असा सॉस फुटू नये म्हणून सोडियमचे क्षार घालतात, वर चवीचं मीठ वेगळंच. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये इंटरव्हलला मिळतात ते नाचोज याच घराण्यातले.

म्हणून मी सांगतो, स्टेडियम विसरा, अनायाकडे चला. फक्त तो तळायचा, आपण भाजू. टॉर्टियाचे तुकडे करा, तेलाचा हात फिरवा, ओव्हनमध्ये १८० अंशांवर १०-१२ मिनिटं ठेवा. वर खरं चीज, किसून, थोडंच. डब्यातला राजमा घालणार असाल तर आधी धुऊन घ्या, पाण्याबरोबर बरंच मीठ जातं. मिरची ताजी, बाटलीतली खारवलेली नको. कांदा-टोमॅटो अगदी ऐनवेळी, नाहीतर सगळं मऊ पडतं. आणि ढीग नको हं, तुकडे ताटात एकेक मांडा. वेळ लागतो, पण ते काम पोरांकडे द्या.